पाय ओले, दांड्या सुक्या

प्रिय म्युरिएलताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. पत्र पोचलं. गुडघा जिना चढताना कुरकुरतो पण उतरताना गप्प असतो, हे वाचून बरं वाटलं. माझं नेमकं उलट आहे, तेव्हा आपल्या दोघांत मिळून अजून एक धड माणूस निघेल. मांजराची पोटदुखी थांबली असेल अशी आशा आहे. इकडे श्रॉपशायरात पाऊस आहे, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे.

परसातलं ॲशचं झाड पाडावं की राहू द्यावं असं तू विचारलं आहेस, आणि उत्तर एका शब्दात मागितलं आहेस. झाड शेंड्याकडून वाळत चाललंय, एक फांदी शेजारच्या थ्रोअरसाहेबांच्या काचघरावर पडली, आणि त्यांनी टोमॅटोंच्या वतीने तक्रार केली, हे सगळं समजलं. खाली बारीक अक्षरात 'बाबांनी माझ्या जन्माला लावलेलं झाड, ते गेलं की पुढचा नंबर माझा, हा हा' असंही लिहिलं आहेस. ताई, तुझ्या थट्टेला कधी 'हा हा' जोडावं लागत नाही, म्हणून ते वाक्य मी पुन्हा वाचलं. उत्तराकडे येतोच. पण आधी माझ्या लाकूडकामाची हकिकत ऐकून घे, कारण त्या भानगडीत मला तूच घातलंस.

निवृत्त झाल्यावर मी खिडकीत बसून समोर गाड्या लावणाऱ्यांना गुण देतो, ही बातमी तुझ्यापर्यंत कुणी पोचवली ते मी विचारत नाही (पोस्टमास्तरीणबाईंनीच). जन्मभर गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतलेल्या माणसाचं मन एकदम कसं सुटणार? पण तू वाढदिवसाला शाल किंवा मोजे न पाठवता रानातल्या ओल्या लाकडाच्या वर्गात माझं नाव घालून मोकळी झालीस. दर शनिवारी झाडांखाली ताडपत्री, मधे शेकोटी, तिच्यावर काळी किटली, आणि भोवती आम्ही सहा-सात जण हातात धारदार वस्तू घेऊन. वीज नाही, खिळे नाहीत, गोंद नाही. नुकतं तोडलेलं लाकूड फोडायचं आणि ओलं आहे तोवर सोलायचं. ते चीजसारखं सुटतं म्हणतात. माझं पहिल्या दिवशी चावल्यासारखं सुटलं.

शिकवणाऱ्या थिओडोराबाई पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या. दात सोडून लाकडाकडे वळल्या, पण सवयी तिकडच्याच राहिल्या. सांधा तपासताना डोक्याला दिवा बांधून वाकतात आणि हळुवारपणे विचारतात, "कधीपासून हलतंय?" चूक काढायच्या आधी "थोडं दुखेल हं" असं सांगतात, आणि दुखतं. आपण मापाची काडी दातांत धरून दोन्ही हातांनी सुरी ओढत असलो की नेमकं तेव्हाच त्या आपल्याला घरच्या सगळ्यांची खुशाली विचारतात. तू कशी आहेस या प्रश्नाला मी आजवर फक्त "अं अं" एवढंच उत्तर देऊ शकलो आहे.

पहिल्या दिवशी मला घोड्यावर बसवलं. घाबरू नकोस, घोडा लाकडाचाच. लांबोडकं बाक असतं, त्यावर पाय दोन्हीकडे टाकून बसायचं, खालचं पॅडल दाबलं की वरचा जबडा काठी पकडतो, मग दोन मुठींची सुरी आपल्याच पोटाकडे ओढायची. सगळे बिचकले, मी मात्र नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गाडीत नसलेला ब्रेक दाबत आलेला माणूस मी. दाबल्यावर खरोखर काही थांबतं असं पॅडल मला पहिल्यांदाच मिळालं. थिओडोराबाई म्हणाल्या, "पाय उत्तम आहे तुमचा." हाताबद्दल काही बोलल्या नाहीत.

शेजारच्या घोड्यावर डिलिस पॅरी नावाच्या बाई होत्या. वेल्सच्या हद्दीवरच्या, मेंढ्या पाळणाऱ्या, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तेच का हो, राखाडी टोपीवाले? मला तीनदा नापास केलेलं तुम्ही." मला अर्थातच काही आठवेना. त्यांना सगळं आठवत होतं, कोणतं वळण, कोणता आरसा, आणि तिसऱ्या वेळी मी "बाई, तुम्ही मेंढ्याच हाका" असं म्हणालो होतो तेही (मी असं म्हणणार नाही. म्हणालोही असेन). त्या दिवसापासून माझी सुरी घसरली की पलीकडून शांतपणे आवाज यायचा, "आरसा नाही बघितलात, सिरिल." लाकूड उभं फाटलं की, "खूण न देता वळलात." करावे तसे भरावे म्हणतात, ते रानात आणि सात जणांच्या देखत भरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. आम्ही स्टूल करत होतो: चार पाय, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, वर दोरीची विणलेली बैठक. यातली सगळी गंमत अशी की दांड्या आधी उबेत ठेवून खडखडीत सुकवायच्या आणि पाय ओले ठेवायचे. सुकी दांडी ओल्या पायात ठोकली की पाय हळूहळू सुकत आवळत जातो आणि दांडीला असा धरतो की पुन्हा सोडत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही आपली म्हण; थिओडोराबाईंच्या रानात सुक्याला ओलं सांभाळून धरतं. त्या हे सांगत होत्या तेव्हा मी डिलिसबाईंना मागे गाडी घेण्याचा नियम समजावत होतो. त्यामुळे एक ओलं आणि एक सुकं एवढंच कानावर आलं, आणि कोणतं कोणतं ते मी अकलेने ठरवलं. वजन पाय पेलतात, तेव्हा पाय सुके हवेत, यात कुणाला शंका यावी? म्हणून पाय बॉयलरच्या उबदार कपाटात, टॉवेलांवर ठेवले, आणि दांड्या न्हाणीच्या टबात भिजत. (त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातच अंग पुसलं.)

स्टूल सुंदर झालं. शेगडीजवळ ते महिनाभर राहिलं आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. मग वर्गाच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येकाचं स्टूल शेकोटीभोवती मांडलं, आणि रीत अशी की आपल्या स्टुलावर दुसऱ्याने बसायचं. माझ्या स्टुलावर कोण बसलं हे तुला सांगायला नको. डिलिसबाई हातात चहा, मांडीवर फ्रूटकेक घेऊन बसल्या आणि मेंढ्यांच्या खुरांबद्दल बोलू लागल्या. स्टूल मोडलं नाही, ताई. ते उलगडलं. महिनाभरात सुकून बारीक झालेली एकेक दांडी आपापल्या भोकातून निवांत बाहेर आली, पाय चार दिशांना निघाले, आणि डिलिसबाई बोलत बोलतच खाली गेल्या. चहाचा थेंब सांडला नाही. जमिनीवर बसून त्यांनी केकचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "नापास, सिरिल. पण काही हरकत नाही, मीही तीनदा झाले होते." थिओडोराबाईंनी दिवा लावून एक भोक पाहिलं आणि एवढंच विचारलं, "भिजत कोण होतं?"

मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. लोकांना नापास करताना मी कधी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं, आणि इथे मला नापास करणारी बाई अर्धा केक माझ्यापुढे धरून बसली होती. तुझी आठवण आली, आणि त्या भरात मी तुझ्या झाडाचं सगळं बोलून टाकलं, 'हा हा'सकट. थिओडोराबाईंनी किटली खाली ठेवली. म्हणाल्या, असा रोग लागलेला ॲश वाळत गेला की आतून ठिसूळ होतो, मग त्याच्यावर चढायलाही माणसं तयार होत नाहीत. "अजून अर्ध्याला पालवी आहे म्हणता ना? मग आतलं लाकूड अजून चांगलं असेल. नुसतं उभं ठेवलंत तर झाडही जाईल आणि लाकूडही." डिलिसबाईंनी उरलेला केकही माझ्यापुढे सरकवला.

असो. पत्र लांबलं. मांजराला गोंजार, थ्रोअरसाहेबांच्या टोमॅटोंना माझी सहानुभूती कळव, आणि गुडघ्याला जप.

तुझा धाकटा भाऊ,
सिरिल

ता. क. उत्तर राहिलंच. पाड. पण झाडतोड्यांना बजावून सांग, बुंध्याचा भुसा करायचा नाही. तुझ्या कमरेपर्यंत येतील एवढ्या लांबीचे तुकडे करून सावलीत, ओल्या पोत्यांखाली ठेवायचे. तारीख ठरली की लगेच कळव, आम्ही घेऊन जाऊ.

ता. क. 'आम्ही' म्हणजे मी आणि डिलिसबाई. व्हॅन त्यांची आहे. वास मेंढ्यांचा येतो, पण चालवतात ठीक (चौथ्या वेळी पास झाल्या, दुसऱ्या परीक्षकाकडे). दोन रात्री मुक्काम, खोल्या दोन लागतील. भुवया उंचावू नकोस.

ता. क. माझ्या जन्माला बाबांनी प्लम लावला होता, तुला आठवतो का? मी पायावर नीट उभा राहायच्या आत तो थंडीने गेला. बाबांनी उपटून तिथे बटाटे लावले आणि कुणी मला अवाक्षर सांगितलं नाही. मी एकाहत्तरचा आहे, ताई, आणि न्हाणीत दांड्या भिजवण्याइतका अजून धडधाकट आहे. तेव्हा घाबरू नकोस. घाबरलो मीही होतो, नाहीतर एका शब्दाला एवढी पानं लागली नसती. या खेपेला खुर्ची करणार आहे, तुझ्या मापाची. पाय तुझ्या झाडाचे, ओले. दांड्या सुक्या, मी थिओडोराबाईंना दोनदा विचारून घेतलं आहे. सांधे पक्के आवळायला एक अख्खा हिवाळा जातो, आणि पहिल्यांदा बसायचं तूच आहे. तोवर कुठे जायचं नाही.