रीमाचं बिल आणि कपाटातली अन्नपूर्णा

४ मार्च

रीमाचं बिल आज अमेरिकन काँग्रेसमध्ये मांडलं गेलं! नाव ती जिच्या ऑफिसात काम करते त्या काँग्रेसवुमनचं, पण अक्षर न् अक्षर माझ्या लेकीचं. एका चिमुकल्या देशाला मान्यता द्यायची आणि शेजारच्या देशात बसलेली आपली वकिलात – रीमाच्या भाषेत एम्बसी – त्यांच्या राजधानीत हलवायची. तिकडे वर्षानुवर्षं निवडणुका होतात, स्वतःच्या नोटा, स्वतःचे पासपोर्ट – फक्त त्यांना देश म्हणायला कुणी तयार नाही. मेली कमाल आहे!

तिच्या बाबाने, शेखरने, शिरा केला. गुठळ्या होत्या, तरी मी दोनदा घेतला.

६ एप्रिल

मैत्रिणीकडे, मंजुषाकडे, चैत्राचं हळदीकुंकू. तिचं सुरू, "बिल वगैरे ठीक गं, पण रीमाच्या लग्नाचं काय?" एक्केचाळीस वर्षांच्या बाईबद्दल! वॉशिंग्टनला स्वतःच्या घरात राहते पोरगी. मी हसून पन्हं प्यायले.

घरी येऊन कपाट उघडलं. पितळेची अन्नपूर्णा, लाल खणात. रीमाच्या बारशाला माझ्या आईने पाठवलेली – लग्नात गौरीहरापाशी पुजायची, मग मुलीने आपल्या घरी न्यायची. लग्न नाही, म्हणून ही अजून आमच्याकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीतच. वाईट वाटतं.

२२ एप्रिल

बिल कमिटीत अडकलं. मीच रडवेली, रीमा मजेत. "चिल, आई! रेकग्निशनला व्होट लागतच नाही. प्रेसिडेंट एकटा देऊ शकतो. आम्ही फक्त पुश करतो."

जेवताना शेखरला विचारलं, आपल्या घरात प्रेसिडेंट कोण?

"हे काय विचारणं झालं?" म्हणाला आणि ताटं उचलायला लागला.

मग मी कुणाच्या मताची वाट बघत बसलेय? मंजुषाच्या?

२३ एप्रिल

अन्नपूर्णा चिंचेने घासली. काय लखलखतेय! शनिवारी हिला घेऊन, न कळवता वॉशिंग्टनला धडकायचं. जाम खूश आहे मी.

२६ एप्रिल

रीमाच्या ओट्यावर, तांदळाच्या वाटीत, अन्नपूर्णा बसलेली!

घर घेतलं तेव्हाच आयसेलिनच्या देशी दुकानातून स्वतःसाठी वेगळी आणली म्हणे. आम्ही येणार असलो की कपाटात ठेवायची – मला वाईट वाटू नये म्हणून.

माझी पिशवी हातातच. एका घरात दोन ठेवत नाहीत गं, एवढंच सुचलं.

"ही माझी," रीमा म्हणाली. "ती तुझी एम्बसी. ठेव ना, आई."

ठेवली.