निळ्या गटाचे उंदीर

९ फेब्रुवारी
सप्टेंबरपासून या वहीत एक ओळ नाही. माफी मागायला हवी. पण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, तेव्हा मागणारा मी आणि देणाराही मीच. दिली. (लगेच नाही दिली. चहा होईपर्यंत विचार केला.)
निश्चय: रोज पाच ओळी. खऱ्या.
परिस्थिती अशी. २ एप्रिलला राजधानी आस्तानाहून तपासणी कमिशन येतंय. आमचा रिझल्ट पटला तर स्मृती-गटाला आणखी तीन वर्षं. नाही पटला तर खोली रिकामी करायची आणि मी, वय सेहेचाळीस, क्रीडा महाविद्यालयात पैलवानांना शरीरशास्त्र शिकवायला. गट म्हणजे तीन माणसं. मी. तोगझान, एकोणतीस वर्षांची, पीएचडी झालेली, प्रश्न फार विचारते. आणि क्लारा आपाय (आपाय म्हणजे मोठी ताई), ज्या उंदरांचं खाणंपिणं बघतात आणि माझ्याशी मी अजून शाळेत असल्यासारखं बोलतात.
उंदीर बत्तीस.

१० फेब्रुवारी, सकाळ
आजपासून प्रयोग. सोळा उंदरांच्या कानाला पिवळी खूण, सोळांच्या कानाला निळी. एका रंगाला रोज शुबात, म्हणजे आंबवलेलं उंटिणीचं दूध. दुसऱ्याला साधं पाणी. मग एकेकाला गोल टाकीत सोडायचं. पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो. कालची जागा आठवली तर उंदीर सरळ तिथे पोहत जातो, नाही आठवली तर नव्वद सेकंद भटकतो. शुबातानं स्मरणशक्ती वाढते, असा माझा अंदाज आहे. (अंदाज. श्रद्धा नाही.)
कुठल्या रंगाला शुबात, हे फक्त आपायना माहीत. वेळ मोजणाऱ्याला कळता कामा नये, मन एका बाजूला झुकतं. मला माहीत नाही. पिवळ्यांच्या तोंडाला शुबाताचा वास येतो, पण मी त्याचा अर्थ लावत नाही.
मीही रोज एक पियाला शुबात घ्यायचं ठरवलंय. फ्रिजमध्ये आहेच म्हणून.

११ फेब्रुवारी
गाडीची किल्ली सापडत नाही. शुबाताचा परिणाम हळूहळू होत असणार.

१७ फेब्रुवारी
पाच दिवस लिहिलं नाही. पंचवीस ओळी बाकी. उद्या भरून काढीन.
मागच्या खेपेच्या उंदरांच्या मेंदूचे काप आज मोजले. स्मृती जिथे साठते त्या भागात पेशींना नवे कोंब फुटलेत का, ते बघायचं. शुबातवाल्या कापात मी अठ्ठावन्न मोजले, तोगझाननं एक्केचाळीस. नीट बघितलं की दिसतात, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, आगाय (आमच्याकडे वरिष्ठांना असंच म्हणतात), मी नीटच बघत होते. पाणीवाल्या कापात मात्र आमचे आकडे तंतोतंत जुळले. म्हणजे माझी नजर उत्तम आहे.

२३ फेब्रुवारी
आपायच्या भाचीचं लग्न झालं. आपायना अकरा भाच्या-पुतण्या आहेत आणि या वर्षी सगळ्यांना एकदमच सुचलंय. मेजवानीतला वाटा पिशवीभर घेऊन आल्या: बाउरसाक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, घोड्याच्या मांसाचं सॉसेज, मेंढीच्या शेपटीची चरबी. नको म्हणालो, तर म्हणाल्या, अरे मुखित, असं नको म्हणतात का? जे घरी राहिले त्यांच्या तोंडीही मेजवानीचा घास पडला पाहिजे, नाहीतर नवरानवरीला लाभत नाही. किती सुंदर विचार! सहा बाउरसाक खाल्ले. उरलेली पिशवी त्या आत उंदरांच्या खोलीकडे घेऊन गेल्या. तिथे थंड असतं, टिकेल.
(साखर आणि तळलेलं बंद, असा निश्चय १ जानेवारीला केला होता. कुठे लिहिला नव्हता, म्हणून तो मोडला असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही.)

२ मार्च, दुपारी ४
पिवळे: सरासरी अकरा सेकंद. निळे: चौऱ्याहत्तर!
तीन वेळा तपासलं. पहिल्या वेळेलाच पटलं होतं, पण मी काळजी घेणारा माणूस आहे.
निळ्यांची तर दया येते. टाकीत सोडलं की थोडं इकडेतिकडे करतात आणि मग हात-पाय पसरून पडून राहतात. हे नैराश्य आहे. आपण काहीतरी विसरलोय हे कळतं, पण काय विसरलोय ते कळत नाही. मी स्वतः यातून गेलेलो आहे, म्हणून ओळखलं. तोगझान म्हणाली, आगाय, ते तरंगताहेत. मी म्हटलं, तेच ते, नैराश्यानं. ती म्हणाली, मला तर ते मजेत दिसतात. तरुण लोकांना दुःख ओळखता येत नाही.

३ मार्च
संचालक सागिन्दिक आगायच्या खोलीत धावत गेलो आणि दारातूनच ओरडलो, सुयिंशी! चांगली बातमी आणणाऱ्यानं असं ओरडायचं आणि ऐकणाऱ्यानं हाताला येईल ते बक्षीस द्यायचं, ही आमची रीत. आगायनी इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाले, मुखित, तू आम्हाला बुडवणार असं मला दहा वर्षं वाटत होतं. माणसाचं चुकतं कधीकधी.
संध्याकाळी रौशान म्हणाली, टोपी छान आहे, पण रिझल्ट पक्का झाला का? बायकोला विज्ञानाची घाई समजत नाही. तिला घाई करू नकोस म्हणालो. मग वाटलं, हे वाक्य कुणी कुणाला म्हणायला हवं होतं? विचार केला. झोप लागली.

१० मार्च
टोपी घालून लॅबमध्ये बसतो. गरम होतं. तोगझानला म्हणालो, कमिशनसाठी ग्राफ मोठा छापून घे. ती म्हणाली, त्याआधी एकदा दोन्ही गटांच्या खाण्याकडे बघूया का, निळ्यांच्या पिंजऱ्यात चुरा दिसतो. मी म्हणालो, लाकडाचा भुसा असेल. ती म्हणाली, भुशाला तूप लागत नाही, आगाय.
फार प्रश्न विचारते, हे आधी लिहिलंच आहे.

१९ मार्च, दुपारी १
लिहायचं नव्हतं. पण खऱ्या ओळी लिहायच्या, असं ठरलंय.
जेवणाच्या सुट्टीत चार्जर विसरलो म्हणून परत आलो. उंदरांच्या खोलीचं दार उघडं. क्लारा आपाय निळ्या पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून एकेकाला बाउरसाकचा तुकडा आणि चरबीचा काप देत होत्या. देताना नवऱ्यामुलाचं नाव सांगत होत्या. उंदीर ऐकत होते, असं मला वाटलं.
हे काय, असं विचारलं. त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, अरे, पिवळ्यांना रोज शुबात मिळतं, आणि हे बिचारे पाण्यावर. एकाच खोलीत बसलेल्यांना पंगतीत असा दुजाभाव कुणी करतं का? तुला लाज नाही वाटत? त्यात हेही घरीच राहिलेले, लग्नाला कुठे आले? म्हटलं, यांनाही वाटा हवा. भाचीच्या लग्नापासून देते आहे. तूही खाल्लास की.
म्हणजे पिवळे हुशार झालेले नाहीत. निळे लठ्ठ झालेत. चरबी पाण्यावर तरंगते. जो न बुडता आरामात पडून राहू शकतो, तो चौथरा कशाला शोधेल?
आपायना वाटलं, मला पटलं. जाताना मलाही दोन दिले. खाल्ले. रागानं खाल्ले.

२० मार्च
उद्या आगायना सांगायचं. आज त्यांचा रक्तदाब वाढलाय, असं त्यांच्या सेक्रेटरीनं सांगितलं. माणुसकी आधी.

२२ मार्च
नौरोज. सणाच्या दिवशी वाईट बातमी देऊ नये.

२६ मार्च
आगायना भेटलो. सांगण्यासाठीच गेलो होतो. त्यांनी विचारलं, टोपी का नाही घातलीस? बक्षीस परत देता येत नाही, तर ज्या बातमीवर ते मिळालं ती तरी परत कशी घेता येईल, असा एक युक्तिवाद सुचला. पटला म्हणून नाही, सुचला म्हणून लिहून ठेवतो. हवामानावर बोलून आलो.
तोगझान माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही. हे जास्त वाईट आहे.

२८ मार्च
निळ्यांना कमी खायला घाला, असं आज आपायना सांगितलं. चार दिवसांत उतरतील, असा हिशेब. आपाय म्हणाल्या, घालते की कमी, पण उद्या माझ्या पुतणीचा साखरपुडा आहे, तेवढा होऊ दे.
(स्वतःला प्रश्न: हे पुरावा झाकणं आहे की आहार-नियोजन? थोडं थोडं दोन्ही.)

१ एप्रिल
उद्या सकाळी, कमिशन खोलीत शिरायच्या आधी, नक्की सांगायचं. वाक्य तयार आहे: आगाय, एक किरकोळ गोष्ट. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. बाराव्या वेळी रौशान बाहेरून म्हणाली, किरकोळ नसेल तर किरकोळ म्हणू नकोस.

२ एप्रिल
सांगितलं नाही. कमिशन दहा मिनिटं आधी आलं.
प्रमुख बाईंचं नाव राखिया सुल्तानोव्ना, सत्तरीच्या, आवाज अगदी मऊ. ग्राफ न बघताच म्हणाल्या, मला उंदीर दाखवा. पिवळा सोडला: नऊ सेकंद. निळा सोडला. तो पाठीवर वळला, पोट वर केलं आणि टाकीत गोल फिरू लागला. एक पाय तेवढा हलत होता, तोही सवडीनं. नव्वद सेकंद तो तसाच फिरला. मग बाईंनी हळूच विचारलं, याचं वजन किती?
मी तोंड उघडलंच होतं. आत्ता सांगणार होतो. हे मी शपथेवर लिहितो आहे.
तेवढ्यात दारातून क्लारा आपायचा आवाज आला: बाई, वजन कुणी केलंच नाही, पण खाणं मी सगळं लिहून ठेवलंय. आणि त्यांनी एप्रनमधून वही काढली. पिंजरा नंबर, तारीख, कुणाचं लग्न, किती बाउरसाक, चरबी किती. एकही दिवस चुकलेला नाही. राखिया सुल्तानोव्ना उभ्या उभ्या सगळी वाचत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, या प्रयोगशाळेतली ही एकच नीट नोंद आहे.
आगाय भिंतीकडे बघत होते. मग बाईंनी मला विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? मी म्हणालो, नुकतंच.

४ एप्रिल
लेखी स्पष्टीकरण मागितलंय. पहिला मसुदा: एका कर्मचाऱ्याच्या अनवधानानं. तो घेऊन खाली गेलो, तर आपाय पिंजरे धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, लिही, दोष माझा लिही. मी म्हातारी, घरी बसेन, माझं काय जातंय? तुला अजून वीस वर्षं काढायची आहेत. आणि डोळे पुसले. हात साबणाचे होते, म्हणून डोळे चुरचुरले आणि त्या मलाच ओरडल्या.
मसुदा फाडला. दुसऱ्यात दोष परंपरेवर ढकलला. वाचायला बरा वाटला. तोही फाडला.
तिसरा एका ओळीचा: मला १९ मार्चला कळलं होतं, मी सांगितलं नाही. मुखित. सही करून स्वतः देऊन आलो. लिहायला बारा सेकंद लागले आणि सोळा दिवस.
निकाल दुपारी आला. तीन वर्षं नाहीत. ऑक्टोबरपर्यंत मुदत, प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, गटप्रमुख तोगझान. आपाय राहतील, मात्र सगळ्यांना सारखं खाणं. त्यांनी विचारलं: सारखं म्हणजे सगळ्यांना बाउरसाक, की कुणालाच नाही? तोगझान म्हणाली, कुणालाच नाही. आपाय म्हणाल्या, तू लग्न कर, मग बघू.
मी तिच्या हाताखाली. बसून विचार केला की हा अपमान आहे का. तिनं विचारलं, आगाय, बसणार की काम करणार? काय करू, असं विचारलं. तिनं सांगितलं. ते फेब्रुवारीतच करायला हवं होतं, हे तिनं म्हटलं नाही, मीच लिहितो आहे.
उद्या: बत्तीस उंदरांचं वजन करणे.