तबकडीची कड

प्रिय टिल्लू,

दारातून आत येताना तुला आता मान वाकवावी लागते, तरी माझ्या तोंडी टिल्लूच येतं, चालवून घे. फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसलीय असं तुला वाटेल. पण फोनवर बाबांचं नाव काढलं की नेमकी तुझी रेंज जाते, नाहीतर दारावर कुणीतरी येतं. पत्राची रेंज जात नाही. आणि अर्ध्यावर टाकलंस तरी ते टेबलावर पडून राहील, तुझी बायको वाचेल आणि जेवताना तुला ऐकवेल. त्यापेक्षा तूच वाच.

इकडे सगळं ठीक आहे. माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझे भावोजी माझ्यावर कुरकुरतात. बाबा बरे आहेत. जिना चढताना मध्ये थांबतात आणि खिडकीतून काहीतरी बघायचंच होतं असा आव आणतात. जेवायला बसले की अजूनही ताट उचलून खिडकीकडे तिरपं धरतात आणि कुठे चरा, कुठे डाग ते बघतात. माझ्या घासलेल्या ताटातला डाग जगात फक्त त्यांनाच दिसतो. लग्नाआधी तुझे भावोजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा बाबांनी त्यांनाही असंच मान तिरकी करून न्याहाळलं होतं. मग मला आत येऊन म्हणाले की कडेला जरा खरबरीत आहे, पण चालेल. आयुष्यभर तपासणीच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या माणसाने दिलेलं हे फार मोठं प्रमाणपत्र होतं.

बाबा कामाला होते तो कोऱ्या तबकड्यांचा कारखाना तुला फारसा आठवत नसेल. मी शाळा सुटली की तिकडे जायची, म्हणून मला तो वास अजून आठवतो, नेलपॉलिशचा आणि त्याखाली एरंडेलाचा. अॅल्युमिनियमच्या आरशासारख्या घासलेल्या चकत्या पट्ट्यावरून सरकत यायच्या आणि वरून पातळ पडद्यासारखा लॅकर पडत असायचा, त्याखालून जायच्या. पलीकडे निघायच्या त्या काळ्याभोर. लॅकर सुकून कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात एरंडेल. त्या खोलीत लोकरीचा स्वेटर चालायचा नाही, पावडर चालायची नाही, आणि काडेपेटीचं नुसतं नाव काढलं तरी मुकादम अंगावर यायचा, कारण तो माल बारुदाचा सख्खा भाऊ. मग त्या चकत्या बाबांच्या टेबलावर येत. ते दिव्याच्या तिरप्या उजेडात एकेक फिरवून बघत आणि जेवढ्या ठेवत जवळजवळ तेवढ्याच बाजूला टाकत. धुळीचा एक कण सापडला तरी त्यांच्या तोंडावर असं दुःख उमटायचं की वाटावं, घरातलंच कुणी गेलं.

कारखान्यातले जुने लोक सांगायचे की त्याआधी मेणाच्या जाड चकत्यांवर आवाज कोरत. कोरलेलं बिघडलं की वरचा थर खरवडायचा आणि पुन्हा कोरायचं. मग लॅकर आला. युद्धाच्या काळात अॅल्युमिनियम सगळं विमानांकडे गेलं, तर ह्या लोकांनी काचेवर लॅकर चढवला, पण काम थांबवलं नाही. आणि एवढं जपून केलेल्या तबकडीचं पुढे काय व्हायचं ते मला कळलं तेव्हा मी बाबांवर रागावले होते. तिच्यावर गाणं कोरायचं, लगेच चांदीचा पातळ थर द्यायचा, त्यावर निकेल चढवायचं आणि ते निकेल ओढून काढायचं. त्या ओढण्यात लॅकर खराब होतो. निकेलवरून साचे निघतात, साच्यांवरून हव्या तेवढ्या रेकॉर्डी निघतात, आणि गाणं ज्या तबकडीवर पहिल्यांदा उतरलं ती कचऱ्यात जाते. वाजवायची तर तिला सोयच नाही. लॅकर इतका मऊ की सुई फिरली की झिजलाच. पहिल्यांदा जे ऐकू येतं ते दुसऱ्यांदा तसंच्या तसं येत नाही.

आता कळलं असेल मी कुठे चाललेय. पान उलटू नकोस.

आईचा आवाज कोरलेली ती तबकडी. तू तिच्यासाठी किती रडलायस ते मी बघितलंय. वर्गातल्या कुणीतरी विचारलं होतं की तुझी आई कशी बोलायची, आणि तू घरी येऊन बाबांच्या मागे लागलास की एकदाच लावा. बाबांनी नाही म्हटलं. का ते सांगितलं नाही. दर काही दिवसांनी ते खोलीचं दार लावून घेत, कपाट उघडल्याचा आवाज येई, आणि तू दाराला कान लावून बसायचास. काही ऐकू यायचं नाही. तू म्हणायचास की ते अगदी हळू लावतात, आपल्याला कळू नये म्हणून. मलाही तसंच वाटायचं. घर सोडून निघालास त्या दिवशी बॅग खाली ठेवून तू त्यांना जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. "ती तुमची एकट्याची नव्हती." नंतर बराच वेळ बाबा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत होते, ते सरळच होतं.

मला आईचा आवाज आठवतो असं मी तुला नेहमी सांगत आले. खरं सांगू, मला तिचं बोलणं आठवतं, शब्द आठवतात, पण ते डोक्यात ऐकते तेव्हा आवाज माझाच असतो. फक्त हे तुला सांगून उपयोग नव्हता, तुझ्याकडे तर तेवढंही नाही.

झालं असं की गेल्या महिन्यात बाबा खोलीतून बाहेर आले ते हातात तबकडीची पेटी घेऊन. चेहरा तपासणीच्या टेबलावरचा. म्हणाले, "कडेला सुटायला लागलंय." मी बघितलं. काळ्या तबकडीवर पांढरी साय धरलेली, आणि एका बाजूला काठाशी लॅकर भिंतीच्या जुन्या रंगासारखा उचललेला. इतक्या वर्षांत एरंडेल वर येतं आणि खालचं आकसतं, असं बाबांनी मला समजावलं.

मी चौकशी करून त्यांना जुन्या रेकॉर्डींच्या संग्रहालयात घेऊन गेले. तिथली बाई जुन्या तबकड्या साफ करून, हलक्या सुईने एकदाच वाजवून, तेवढ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घेते. बाई चटपटीत आहे, उगाच गोड बोलत नाही. तिने पहिला प्रश्न विचारला की ही आतापर्यंत किती वेळा वाजलीय. बाबा म्हणाले, एकदाही नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की वडिलांचं वय झालंय वाटतं. मग तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, निम्मी फिरवली, पुन्हा फिरवली. म्हणाली, आजोबांचं खरं आहे, ह्या खाचेला सुई लागलेलीच नाही.

टिल्लू, त्यांनी ती कधीच ऐकली नाही. दार लावून ते करायचे काय, तर तबकडी पेटीतून काढायची, दिव्यापाशी तिरपी धरायची, धूळ नाही ना, साय धरली नाही ना बघायचं आणि परत ठेवायची. जे कारखान्यात केलं तेच. त्या बाईच्या खोलीत मी खुर्ची ओढून बसले. आपण दोघांनी ज्या दाराबाहेर इतका राग धरला, त्या दाराआड काही वाजतच नव्हतं.

घरी आल्यावर मी खोदून खोदून विचारलं. त्यांना सांगता येत नाही हे तुला माहीत आहे, तुटक तुटक सांगितलं. आईचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याच्या आधीची गोष्ट. कारखान्यात चाचणीची एक खोली होती. प्रत्येक खेपेतली एक तबकडी घ्यायची, तिच्यावर काहीही न बोलता नुसती खाच कोरायची आणि किती खरखर येते ते ऐकायचं. ते काम करायचे ते चाचणीवाले काका, तुला खांद्यावर घेऊन फिरवायचे. बाबांनी त्यांना गळ घातली. जेवणाच्या सुट्टीत आई तुला कडेवर घेऊन आली आणि काचेपलीकडच्या खोलीत बसली. खाच कोरताना केसासारखा काळा धागा निघतो, तो ओढून घेणारी नळी नेमकी बिघडली होती, म्हणून बाबा ब्रश घेऊन मशीनवर वाकून तो धागा आत सारत उभे. हेडफोन काकांच्या कानावर. आईचा आवाज बाबांच्या डोळ्यांसमोर कोरला जात होता आणि कानांवर एक अक्षर पडत नव्हतं. संपल्यावर काकांनी हेडफोन काढला आणि चिडवलं, "सगळं धाकट्याशीच बोलली. तुझं नावही काढलं नाही." बाबा तेव्हा हसले होते. खोटं कशाला बोलू, माझंही नाव नाही हे ऐकून मला या वयात जरासं लागलं.

चार दिवसांत तिच्यावर निकेल चढवून घ्यायचं, मग साचा, मग मुलांना हवी तितकी वाजवता येईल अशी रेकॉर्ड, असा बाबांचा बेत होता. ताज्या लॅकरचंच ते काम होतं. पण त्या दिवसांतच आई ऑपरेशनमधून परत आली नाही, आणि बाबांच्याने ती तबकडी निकेल ओढून काढायला दुसऱ्याच्या हाती देववेना. मग मुदत गेली. आता वाजवली तर झिजणार, आणि लहान पोर एकदा ऐकून गप्प बसतं थोडंच, असं म्हणून ते थांबले. तुम्ही तरी का नाही ऐकलीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, "त्याच्याशी बोललीय ती. दुसऱ्याचं पत्र मी फोडत नाही." जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "मोठा झाला की देणार होतो. मोठा झाला आणि निघून गेला."

हे त्यांनी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं, त्यांनी मान डोलावली. माणूस चांगला, पण तोंडाला कुलूप आणि किल्ली कुठे ठेवलीय ते त्यालाच आठवत नाही. तुला राग आला असेल तर तो खोटा नव्हता. फक्त तो ज्या गोष्टीचा होता ती घडलीच नव्हती.

आता पत्र कशासाठी ते सांगते. संग्रहालयातली बाई म्हणाली होती की आजच उतरवून घेऊ, थांबण्यात शहाणपण नाही, आणि मीही तेच म्हणत होते. बाबांनी पेटी बंद करून मांडीवर घेतली आणि म्हणाले, तो आल्याशिवाय सुई ठेवायची नाही. बाईने समजावलं, मी भांडले, काही उपयोग झाला नाही. तुला बोलावण्याचा धीरही त्यांना नाही, हे पत्र लिहितेय हेसुद्धा त्यांना माहीत नाही. बाईने या महिन्याच्या शेवटच्या शनिवारची सकाळ आपल्यासाठी राखून ठेवलीय. सगळी उतरेलच असं ती लिहून द्यायला तयार नाही. तुला माहीतच आहे, तबकडी बाहेरच्या कडेपासून सुरू होते, आणि सुटायला लागलीय ती कडच. कडेवर मूल घेऊन बसलेल्या बाईला कुणी सांगितलं की बोल, तर ती सर्वांत आधी काय करेल ते मला दोन पोरं वाढवून माहीत आहे. ती त्याला हाक मारेल. तुझी हाक त्या काठावर आहे, टिल्लू. ती सुटून पडायच्या आत ये.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझीच
ताई