सुटली म्हण, ताई

नवीन पनवेल
सोमवार, ५ जानेवारी २०२६

ती. ताईस,
दीनूचा सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं की आधी चष्मा शोधशील, आणि तो डोक्यावरच असेल. फोनच करणार होतो. पण तुझं कानातलं यंत्र कपाटात, आणि मी इथे गॅलरीत उभा राहून बोंबलणार. मागच्या वेळी खालच्या मजल्यावरचा माणूस रमाला विचारायला आला होता, भांडण मिटलं का म्हणून. तेव्हा कागदच बरा.

नोव्हेंबरात निवृत्त झालो, हे तुला माहीत आहे. बंदरावरच्या क्रेन आता दुसरं कुणीतरी सांभाळतं आणि मी दुधाच्या पिशव्या आणतो. महिनाभर हे केलं आणि काल पहाटे साडेचारला उठून गुपचूप घाट चढलो. होय, तिथेच गेलो. आमच्या जायरोप्लेनच्या क्लबात. तुझ्या भाषेत, डोक्यावर पंखा लावलेल्या उडत्या खुर्च्यांच्या अड्ड्यावर. तेरा वर्षांनी!

खाडीकाठची आपली ती सपाटी आता विसर. विमानतळ आल्यावर आमच्यासारख्या चिलटांना तिथे आकाश बंद. मंडळींनी घाटावर एका माळावर धावपट्टी केली आहे, दीड तासाची वाट. मला वाटलं होतं, कुणीतरी मिठी मारेल. गेटवरच्या रखवालदाराने वहीत नाव लिहायला लावलं आणि कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. आत भिंतीवर जुन्या सभासदांची यादी लावली आहे. तिच्यात माझ्या नावाआधी 'कै.' लिहिलंय! मी ते दाखवलं तेव्हा तिथली पोरं हसली, आणि कार्यालयातल्या बाईंनी फार गंभीरपणे सांगितलं की दुरुस्तीसाठी अर्ज द्या. मी जिवंत असल्याचा अर्ज.

जुन्यांपैकी एकच भेटला, मोरा बंदरावरचा काशिराम. आठवतो ना? मासेमारी सोडून आमच्या यंत्रांची पाती हाताने फिरवून द्यायचा तो. आता तो तिथला मुख्य मेकॅनिक आहे. मला बघून म्हणाला की सायेब, लई उशीर केलात, आमी वाट बघून बघून म्हातारे झालो. तेवढंच काय ते बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. त्या अपघातानंतर तू मला हॉस्पिटलात तुझ्या गळ्याची शपथ घातली होतीस, की पुन्हा त्या यंत्रात बसायचं नाही. मी इंजिनिअर माणूस, असल्या गोष्टी मानत नाही. पण तुझा गळा तो तुझा गळा. ती शपथ तेवढी सोडव. एका ओळीचं काम आहे, सुटली म्हणून लिही आणि पाठव.

रमाचा नमस्कार. तुझी माया या मागणीनंतरही शिल्लक राहील अशी आशा करणारा,
दीनू


सातारा
बुधवार, १४ जानेवारी २०२६, संक्रांत

चि. दीनानाथ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. चष्मा डोक्यावर नव्हता, फ्रीजवर होता. सोबत तिळगूळ पाठवते आहे. पोस्टात त्याचा भुगा होणार हे मला ठाऊक आहे, तरी गोड बोल. पत्रात बोलला नाहीस.

इथलं सगळं ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो. कानातलं यंत्र लावलं की समोरच्या घरातल्या मिक्सरपासून सगळं ऐकू येतं, फक्त समोरचा माणूस काय बोलतो ते कळत नाही. म्हणून ते कपाटात सुखी आहे. आवळ्याची सुपारी केली आहे, रमाला आवडते. कोणी तिकडे येणारं असलं तर देईन.

तुझ्या नावापुढे कै. लावलं हे वाचून मी हसले आणि मग अर्धा तास चांगला गेला नाही. असल्या गोष्टी मला गंमत म्हणून कळवत जाऊ नकोस. त्यांना आजच्या आज खोडायला लाव, अर्ज-बिर्ज काही नको, उभा राहा आणि खोडून घे.

निवृत्त माणसाला करायला पुष्कळ आहे. तुझा गळा बरा आहे, गाण्याच्या क्लासला जा. रमाला घेऊन कुठेतरी फिरून ये. साठीला आलास. कळलं ना मी काय म्हणते ते?

तब्येतीला जप. तिळगूळ चमच्याने खा.

तुझं भलंच चिंतणारी,
सुमतीताई


नवीन पनवेल
सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ चमच्यानेच खाल्ला. गोड बोलायचं मात्र जमत नाही, माफ कर. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गुडघा आहे, मिक्सर आहे, आवळासुपारी आहे, गाण्याचा क्लासही आहे. मागितलेली ओळ तेवढी नाही. शाळेत मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर तू पेपर फाडला असतास.

महिनाभर मी काय काय करतोय ते ऐक. वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टर पोरगेलासा, माझं वय वाचून त्याने दोनदा वर बघितलं आणि रक्तदाब तीनदा घेतला. तिसऱ्यांदा वाढलाच असणार! कागद दोनदा परत आले, एकदा फोटोची पार्श्वभूमी पांढरी नव्हती म्हणून आणि एकदा सहीखालची रेघ जुन्या सहीत नव्हती म्हणून. माझी उड्डाणांची वही, दोनशे अकरा तासांची, तिला आता कोणी विचारत नाही. तेरा वर्षांचा खंड पडला म्हणजे नवशिक्या धरतात.

क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी प्रश्न विचारतो आणि लोक अंगठा दाखवतात. प्रश्नाला अंगठा हे उत्तर कसं होतं? रविवारी तिकडे गेलो की मला काका म्हणून खुर्ची देतात, चहा देतात आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी खांबाला नीट बांधायला देतात. दोनशे अकरा तास उडालेला माणूस मी, पिशवी बांधतो.

शिकवणारी मुलगी कादंबरी नावाची, तिशीची असेल. हुशार आहे, ते मानायला हवं. नवीन यंत्रांत डोक्यावरची पाती हाताने फिरवावी लागत नाहीत, एक खटका ओढला की इंजिन ती फिरवून देतं. मी सवयीने खाली उतरून पात्याला हात घालायला गेलो, तर ती केवढ्यांदा ओरडली! सगळ्या पोरांनी माना वळवल्या. काशिराम मागून म्हणाला की जुना हात हाय, त्याला कळत नाय जमाना बदलला ते. माझे कान तापले.

तर आता सगळे कागद झाले, ताई. कादंबरीने बावीस तारीख दिली आहे, तिच्यासोबत पहिलं उड्डाण. अडलंय फक्त तुझ्यापाशी. तेरा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो, की माझी काही हरकत नाही, ताईची शपथ आहे. सरळ सांगतो, मला तुझा राग आलाय. एक शब्द लिहायला तुझं काय जातं?

रागावलो असलो तरी तुझाच,
दीनू


सातारा
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

चि. दीनूस,
आशीर्वाद आहेतच, रागावलास तरी.

पेपर खरंच फाडायला हवा होता, माझाच. आता नीट लिहिते.

तू तेरा वर्षं लोकांना सांगत आलास की ताईची शपथ आहे. मग मला का नाही कधी विचारलंस? दर भाऊबीजेला मी तुला ओवाळते. दर वर्षी तुझ्या कपाळाला टिळा लावताना मला वाटायचं, आज हा म्हणेल, की ताई, ओवाळणी मी घालतो पण तू ती शपथ सोडव. मी लगेच म्हटलं असतं. पहिल्याच दिवाळीला म्हटलं असतं. तू ताटात पाकीट टाकायचास आणि अनारसे छान झाले म्हणायचास. तेरा वेळा अनारसे छान झाले, दीनू.

आता माझं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मला अकराची सातारा गाडी गाठायची होती. मी तुझ्या यंत्रात मागच्या सीटवर बसले होते, ऊन लागत होतं, आणि तू त्या पात्यांकडे बघत नुसता थांबला होतास. तू सकाळी मला शिकवलं होतंस, की मागचा माणूस तयार झाला की त्याने खांद्यावर दोन थापा द्यायच्या. मी कंटाळून, उशीर होतोय म्हणून दोन थापा दिल्या. तू निघालास. पाती अजून हळू फिरत होती, हे मला नंतर काशिरामने समजावलं. त्यांना वेग यायच्या आत यंत्र पळवलं की वारा एक पातं उचलतो आणि ते शेपटीवर आपटतं. आपटलं आणि आपण आडवे झालो. माझं गळपट्टीचं हाड मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलं.

चौकशीला माणसं आली तेव्हा तू सांगितलंस, की चूक वैमानिकाची, संपूर्ण माझी. थापांचं नावही काढलं नाहीस. मी पलंगावर पडून ऐकत होते आणि तोंड उघडलं नाही. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई मी! तू तिथे परत गेला असतास तर पुन्हा पुन्हा त्या दिवसाची गोष्ट निघाली असती. म्हणून मी शपथ घातली. तुझ्या जिवाची काळजी होती, ती आजही आहे. पण त्याआधी माझी लाज होती.

सुटली. शपथ सुटली, दीनू. जा.

तुझ्या लोभाला पात्र आहे की नाही हे आता तूच ठरव.
सुमतीताई


नवीन पनवेल
सोमवार, २ मार्च २०२६

ती. ताईस,
दीनूचा सा. न., आणि या खेपेला तो खरोखर वाकून.

उत्तराला उशीर झाला. कारण सांगतो, आणि तू मध्येच पत्र खाली ठेवू नकोस.

आधी तुझ्या थापांचं. त्या मला लागल्या होत्या, आठवतंय. पण ताई, तुझ्या थापांनी यंत्र निघत नाही. मी पात्यांकडे बघत होतो ते त्यांचा वेग जोखायला. ती हळू आहेत हे मला दिसलं होतं. दिसलं आणि तरी निघालो, कारण पलीकडे चारजण बघत उभे होते आणि मला ऐटीत उडायचं होतं. चौकशीत मी तुला वाचवलं नाही. खरं तेच सांगितलं. तू तेरा वर्षं फुकट लाजलीस आणि मी भाऊबीजेला अनारसे खात बसलो.

बावीस तारखेला मी गेलो. तुझं पत्र शर्टाच्या खिशात होतं. पुढच्या सीटवर मी, मागे कादंबरी. खटका ओढला, पाती फिरायला लागली. काट्याने पुरता वेग दाखवला, वारा समोरून, धावपट्टी मोकळी. कादंबरीने कानातल्या फोनवर विचारलं, निघायचं का. माझा हात पुढे जाईना. पाती पूर्ण वेगात आहेत हे काटा सांगतोय, डोळ्यांना दिसतंय, आणि हात दगड झालाय. मग मी काय केलं असेल? मी तिला सांगितलं, की मला जमणार नाही, माझ्या बहिणीची शपथ आहे.

खिशात तुझ्या अक्षरात सुटली लिहिलेलं, आणि मी हे बोललो. ती बिचारी लगेच इंजिन बंद करून खाली उतरली. काशिरामने चहा आणून दिला, म्हणाला की बहिणीची शपथ मोडायची नाय, बरं केलात सायेब. पोरं एकदम आदराने बघायला लागली. तो चहा मी तसाच खाली ठेवला.

घरी येऊन मी तुला पत्र लिहिलं, की ताई, शपथ परत घाल. खोटं नाही सांगत, पूर्ण पानभर लिहिलं, तुझ्या गुडघ्याची चौकशीसुद्धा केली. ते दोन दिवस टेबलावर पडून होतं. रमाने वाचलं. तिने पाकिटावरचं तिकीट काढून डबीत ठेवलं. मग मीच ते फाडलं.

काल पुन्हा घाट चढलो. सगळे चहाला जमले होते तेव्हा उभा राहिलो आणि सांगितलं, की बहिणीची शपथ केव्हाच सुटली आहे. तेरा वर्षं मी घाबरलेलो आहे. एवढंच बोलायला मला इतका घाम आला की उन्हाळा वाटावा. कोणी हसलं नाही. काशिराम म्हणाला की मोऱ्याला होडी उलटलेला माणूस पण महिनाभर जालं फाटलंय असंच सांगतो, दर्यात जात नाय, सगल्यांना ठावं असतं, कोनी बोलत नाय. म्हणजे या माणसाला पहिल्यापासून माहीत होतं!

कादंबरी म्हणाली की घाबरलेला माणूस चालेल, खोटं सांगणारा तिच्या यंत्रात नको. मग आम्ही बसलो. ती म्हणाली हात दांड्यावर नुसता ठेवा, नेते मी. धावपट्टी पायाखालून गेली तेव्हा मी डोळे मिटले होते, हे तिला माहीत नाही, तुला सांगतोय. अठरा मिनिटं वर होतो. त्यातली चार मी चालवलं, सरळ, नाकासमोर. बाकीची चौदा मी दात आवळून बसलो होतो. खाली उतरल्यावर काशिरामने काखेत हात घालून मला खुर्चीपर्यंत नेलं, सगळ्यांदेखत.

आवडलं का ते विचारू नकोस. मला अजून कळलेलं नाही. पूर्वीचा तो आनंद कुठे सापडला नाही, आणि सापडेल असं वचनही कुणी देत नाही. पण येत्या रविवारी परत जातोय. आणि आता माझ्याकडे न जाण्याचं एकही कारण उरलेलं नाही, ताई, याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

तुझा लोभ मागत नाही, तो असतोच हे आता कळलं. पुढच्या पत्राची वाट बघ.
दीनू