नुसतं मेण

३ जुलै
आले बाई एकदाची. गास्पारे मास्तरांचं घर गावाबाहेर आहे. गच्चीवरून समुद्र दिसतो. मास्तर मूर्तिकार, आणि त्यांना म्हातारं अंग हवंय. इतक्या वर्षांत माझ्या सुरकुत्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं. माझी सून कातेना इथंच स्वयंपाकाला असते. मला अक्षर येत नाही, म्हणून ती लिहून घेते. तिला बजावलंय, मी बोलेन ते सगळं लिहायचं, मध्ये उठायचं नाही. चुलीवरचं करपलं तरी.

५ जुलै
आज उजवा हात. आधी तेल, मग प्लास्टरचा साचा, साच्यात मेण. हुबेहूब निघाला, अंजिराच्या झाडावरून पडल्याच्या खुणेसकट. मास्तरांनी तो गच्चीवर उन्हात ठेवला. देह टिकत नाही, हे लोकांनी वितळताना बघावं, म्हणाले. मी म्हटलं, मला ते माझे गुडघे रोज सांगतात. हसले.

८ जुलै
हात वितळला. त्याच दुपारी माझी बोटं गेली. दुखत नाहीत. जागेवर आहेत, पण माझी नाहीत. कातेना भरवते. मास्तर म्हणतात, वय झालं. चेहऱ्याचा साचा कालच घेऊन ठेवलाय.

९ जुलै
मेणाच्या पातेल्यात आज लहान मुलाचं पाऊल तरंगत होतं. अर्धं. बघताक्षणी ओळखलं. दुखतं ते अंग बरं झालं की आम्ही ते मेणाचं करून देवळात मादोन्नापुढं, मेरीआईपुढं टांगतो. जुनं झालं की देवळातच वितळवून तिच्याच मेणबत्त्या करायच्या. बाहेर नेलं तर दिलेलं बरेपण ती परत घेते. माझा मोडलेला हात टांगला होता तिथं. तोंड वाकडं झालं होतं, तेव्हाचा चेहराही.

मास्तरनं देवळाच्या राखणदाराकडून ते सगळं मेण विकत आणलंय. मला म्हणतो, “नवस फिटले, आजी. आता ते नुसतं मेण.”

मी म्हटलं, “दूध पिऊन झालं, म्हणून तुझी आई आता नुसती बाई का रे?”

१० जुलै
चेहरा ओतला. मी तो फोडायला गेले. हातात हातोडी राहीना. मेला उभा राहून बघत होता— कागदावर चितारत होता मला.

११ जुलै
चेहरा गच्चीवर. दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात, आणि तो रेज्जो शहरात गेलाय. ऊन चढतंय. ओठ जड—

दुपार
गाल ओघळतोय. कातेना, कुऱ्हाड चुलीमागं— दार फोड. लिहू नकोस. हेही लिहितेस? मीच सांगितलं होतं, माहितेय— आता सांगते, ऊठ. ऊठ ग बा—