आंदणातला स्टोव्ह

१२ एप्रिल १९३६
भडगावचे नाना आले, जुना पितळी स्टोव्ह घेऊन. टाकीच्या बुडाला बोटभर चीर. म्हटलं, भंगारात घाला. कथलाने झाळून चीर बुजवून देईन, पण हवेचा जोर सोसणार नाही.
"झाळी द्या, मिस्तरी. पोरले आंदनमा देवाना शे. चीर दिखाले नको."
घरी दोन बैलजोड्या. नवा घ्यायला काय धाड भरली?
जबाबदारीच्या वहीत लिहून घेतलं: टाकी चिरलेली, मालकाच्या जोखमीवर दुरुस्त. नानांनी ठसठशीत सही केली. माझे हात मोकळे.

१५ एप्रिल
स्टोव्ह नेला. असा घासला की चीर मलाच सापडेना. कामाचा गर्व वाटला, खोटं कशाला लिहू. म्हटलं, मुलीला सांगा, जपून. नाना म्हणाले, हो हो.

५ जून
फुटला. इथेच जळगावात, नानांची यमुना दिली त्या घरी. ती चहा ठेवत होती. तोंड, उजवा हात. जगेल म्हणतात.
ऐकल्याबरोबर वही काढून आधी सही बघितली. पोरीचं वाईट नंतर वाटलं. शरम वाटते, पण क्रम हाच होता.

८ जून
सकाळी नाना. "ते पान फाडी टाका. व्याहीसले समजनं ते धाकलीनं बी लगीन मोडी."
फाडलं नाही. फाडलं तर मी उघडा. दाखवलं तरी उघडाच. चीर लपवणारा हात माझा.
दुपारी नानांचा जावई, फुटकी टाकी घेऊन. "मिस्त्री, दोष टाकीचा की हिचा? आई म्हणते, हिनेच हवा जास्त भरली."
माझ्याच झाळीवर उकललेली. म्हणालो, टाकी चांगली होती. हवा जास्त झाली.

१९ जुलै
सासरच्यांनी यमुनेला माहेरी धाडलं. हातची धांदरट, म्हणे, आणि आता तोंडही असलं. नानांची बैलगाडी दुकानापुढे थांबली. तीच उतरली, पदराने अर्धं तोंड झाकून. सतराची असेल.
"काका, पंप कितला मारना पडतस? मी ते पंधराच मारात."
नाना बैलांकडे बघत राहिले. धड टाकीला पंचवीसही चालतात.
मी म्हणालो, दहा.
"मंग मन्हीच चूक शे," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.
गाडी अजून नाक्यापर्यंत पोचली नसेल. पायी धावलो तरी गाठता येईल.