टिटवीच्या पोटातली नळी

प्रिय डॉक्टरीणबाई,

वसतिगृहात याच नावाने हाक मारली की तू उशी फेकून मारायचीस. आता मी उशीच्या टप्प्याबाहेर आहे, म्हणून खुशाल लिहिते.

आधी हे, की आमची टिटवी मजेत आहे. आठ वर्षांची झाली, पण तोंडाला अजून खीळ नाही. परवा शाळेच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि घरी सांगताना असा आव, की जग जिंकून आलीय. त्याआधी हीच पोर वर्षभर तासातासाला लघवीला पळायची. जळजळ, मग ताप. औषधाने जायचा, पुन्हा यायचा. वर्गाच्या बाईंना वाटलं, अभ्यास टाळते. सासूबाई म्हणाल्या, "कार्टी पाणीच पीत नाही." बिचारी तांब्यानं पाणी प्यायला लागली. एक दिवस लघवी लाल झाली, तेव्हा मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं.

इथले मुलांचे सर्जन कमी बोलणारे आहेत. त्यांनी सोनोग्राफी केली, लगेच एक्स-रे काढायला लावला. पडद्यावर नळी स्वच्छ दिसत होती. मूत्रपिंडापासून थेट मूत्राशयापर्यंत, दोन्ही टोकं वळलेली, खालच्या टोकावर खड्याचं जाड पुट. टिटवी म्हणाली, "गांडूळ आहे का?" डॉक्टर म्हणाले, "नाही गं. तुझ्या ऑपरेशननंतर लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून ठेवलेली नळी आहे. ती केव्हाच काढायला हवी होती."

तिला भूल देऊन, लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालून त्यांनी आधी खडा फोडला, मग नळी हलकेच ओढली. पोटावर एक टाका नाही. मी बाहेर तिचा मोजा मुठीत धरून बसले होते. डॉक्टर आले, "अख्खी निघाली, मूत्रपिंडही शाबूत आहे," म्हणाले, आणि मला इतकं हसू फुटलं की शेजारच्या बाईंनी घाबरून पाणी आणून दिलं.

ती नळी तूच ठेवली होतीस, दोन वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडाची अडलेली वाट मोकळी करायला ऑपरेशन केलंस तेव्हा. "काढायची वेळ झाली की मीच बोलावते," म्हणाली होतीस. मग तुझे बाबा अंथरुणाला खिळले, तू ते हॉस्पिटल सोडून त्यांच्यापाशी गेलीस; आमची इकडे बदली झाली. नळी आपोआप विरघळते असं मी समजून चालले. खरं कळलं त्या दिवशी फोनवर तुला नाही नाही ते बोलले.

काल तुझ्या नवऱ्याचा फोन आला. त्या दिवसापासून तू एकही ऑपरेशन केलं नाहीस, नुसते ओपीडीतले रुग्ण तपासतेस, म्हणाला. अगं, यापुढे एखाद्या लेकराच्या पोटात नळी राहिली, तर ती सगळ्यांत आधी तुलाच आठवेल. अशी सर्जन ऑपरेशन सोडून बसली तर कसं चालेल?

पुढच्या महिन्यात टिटवीची पुन्हा तपासणी आहे. ती तुझ्याकडेच करायची, असं मी इथल्या डॉक्टरांना सांगून टाकलंय. टिटवी विचारत होती, "डॉक्टरमावशी माझ्यावर रागावलीय का?" मी म्हटलं, राग माझा होता, आणि तो संपला. आम्ही दोघी येतोय. तुझ्याकडेच राहू.

तुझीच,
भांडकुदळ मैत्रीण